‘असेच झाले पाहिजे’ : काटेकोर स्वभाव आणि व्यसन

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात दाखल रुग्णांचे, शस्त्रक्रियांचे आणि खर्चाचे तक्ते असतात. व्यसनाचा आजार या तक्त्यांत नीट उमटत नाही. मद्यामुळे यकृत बिघडलेला रुग्ण तेथे ‘यकृतविकार’ म्हणून नोंदला जातो, रात्री मोटारसायकलवरून पडलेला ‘अस्थिभंग’ म्हणून. आणि त्याची पत्नी ‘निद्रानाश व डोकेदुखी’ एवढ्याच नोंदीचा कागद घेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसलेली असते. आजार एकच, पण तीन खात्यांत विभागलेला. म्हणून आकड्यांच्या पानांशेजारी या विषयाला थोडी जागा द्यावी असे वाटले.

व्यसनी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते : विस्कटलेले कपडे, उधारी, कामाला दांड्या, बेपर्वाई. असे रुग्ण येतात हे खरे. परंतु ज्या घरात कपाटातील प्रत्येक घडी सारखी असते, विजेच्या बिलांची फाईल सालवार लावलेली असते आणि दारातील चपलांची जागासुद्धा ठरलेली असते, अशा घरांतूनही रुग्ण येतात. त्यांच्या घरच्यांचा पहिला उद्गार बहुधा एकच असतो : “डॉक्टर, ह्यांच्याइतका शिस्तीचा माणूस आमच्या आळीत दुसरा नाही. ह्यांना हे कसे लागले?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

एक चित्र

पुढील चित्र कोणा एका रुग्णाचे चरित्र नव्हे. निरनिराळ्या कुटुंबांकडून ऐकलेले तपशील, ओळखीच्या खुणा पुसून, एकत्र गुंफले आहेत.

डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवर चिंचणी, वरोर या परिसरात डायमेकिंगचा धंदा घरोघरी चालत आला आहे. पोलादी ठोकळ्यावर छिन्नी-हातोडीने नक्षी कोरायची. त्या ठशावर सोन्याचांदीचा पत्रा दाबला की पान, कळी, मोरपीस उमटते. एक रेघ केसभर चुकली तर ती चूक एका दागिन्यात राहत नाही, त्या ठशातून निघणाऱ्या प्रत्येक दागिन्यात उमटत जाते. अशा धंद्यात काटेकोर माणसाला मान मिळतो. आमच्या चित्रातील गृहस्थ असेच. त्यांचा ठसा परत आला असे कधी झाले नाही. सकाळी सातला बैठक, रात्री नऊपर्यंत मान वर नाही. महालक्ष्मीच्या जत्रेला मुले आईबरोबर जात, हे कामावर.

घरात मात्र या गुणाचा काच होई. भाजी कशी चिरावी, टॉवेल कोणत्या कडेने वाळत घालावा, मुलांच्या वह्यांना कव्हर कोणत्या कागदाचे, हे सारे ठरलेले. पत्नीने दिलेला हिशेब ते पुन्हा मोजत. हाताखाली मदतनीस ठेवले ते टिकले नाहीत. कारण त्यांनी केलेले काम हे रात्री बसून पुन्हा करीत. कोणाला शिवी नाही, हात उगारणे नाही, एक पैसा उधळणे नाही. तरीही त्यांची पावले वाजली की घरातील बोलणे थांबे.

वयाच्या चाळिशीजवळ धंद्यात संगणकावर चालणारी यंत्रे आली. हाताच्या कामाची मागणी घटली. जे काम पंधरा दिवस जीव ओतून करायचे त्याचा भाव कोणी विचारेना. झोप उडाली. रात्रभर डोक्यात तीच बेरीज-वजाबाकी चालू राही. एका लग्नात आग्रहाखातर त्यांनी प्रथम मद्य घेतले. त्या रात्रीविषयी असे रुग्ण जे सांगतात ते जवळजवळ सारखे असते : डोक्यातला हातोडा त्या दिवशी पहिल्यांदा थांबला.

चैनीसाठी पिणारा माणूस येथून वेगळ्या वाटेने जातो. या गृहस्थांनी पिण्याचे नियम केले. रात्री साडेआठनंतरच; जेवणापूर्वीच; एका ठरावीक स्टीलच्या पेल्याने मोजून; बाटलीवर पेन्सिलीची खूण करून. सोमवारी नाही. श्रावणात नाही. वहीत त्याचीही नोंद. “मी काही दारुडा नाही,” हे त्यांचे म्हणणे या नियमांच्या आधारे इतके भक्कम होते की पत्नीलाही ते पटले. मग साडेआठचे आठ झाले, आठचे सात. पेला तोच राहिला, पण तो दोनदा भरू लागला. प्रत्येक वेळी जुना नियम मोडला असे होत नसे. नवा नियम केला जाई. तीन वर्षांनी सकाळी छिन्नी धरताना हात कापू लागला आणि अर्धा पेला घेतल्यावर तोच हात स्थिर झाला. ज्या माणसाचे सारे मोल हाताच्या स्थिरतेत आहे त्याला हा अनुभव किती फसवा ठरत असेल, हे सांगावयास नको. वैद्यकीय दृष्टीने तो दिवस महत्त्वाचा. सकाळी मद्याशिवाय हात कापणे आणि मद्याने थांबणे ही शरीर मद्यावर अवलंबून झाल्याची खूण आहे. मग रोजचे प्रमाण मोजून घेतलेले असो वा नसो.

स्वभाव आणि मंत्रचळ

येथे दोन गोष्टींतील फरक स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण त्यांची गल्लत नेहमी होते. मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात तो आजार वेगळा. त्यात नको असलेला विचार मनात पुन:पुन्हा घुसतो. हात अस्वच्छ आहेत, कडी लागली नाही, कोणाला तरी आपल्या हातून इजा होईल. विचार निरर्थक आहे हे रुग्णाला बहुधा कळते, तरी धुणे किंवा तपासणे थांबवता येत नाही. त्याला स्वतःलाच या गोष्टीचा त्रास होतो व तो उपचार मागतो. या आजारावर औषधे आहेत आणि विशिष्ट वर्तनोपचारही आहे.

काटेकोर किंवा अतिनियमबद्ध व्यक्तिमत्त्व ही निराळी बाब. येथे माणसाला आपले काही चुकते असे वाटतच नाही. जग बेशिस्त आहे असे वाटते. त्रास भोवतालच्यांना होतो. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०८ च्या एका निबंधात नीटनेटकेपणा, काटकसर आणि हट्ट हे तीन गुण काही माणसांत एकत्र आढळतात, असे निरीक्षण नोंदविले होते. त्यांनी दिलेले कारण आज कोणी फारसे मानत नाही, पण निरीक्षण टिकून आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथानुसार समाजात शंभरात सुमारे दोन ते आठ जणांत हा स्वभाव विकाराच्या पातळीला पोचलेला आढळतो. त्याहून सौम्य छटा तर आपल्यापैकी पुष्कळांत असते. तिच्यावाचून रुग्णालयेही चालणार नाहीत. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका काटेकोर नसेल तर काय होईल, याची कल्पना विश्वस्तांना आहेच.

मराठीने या स्वभावाची खूण एका अक्षरात पकडून ठेवली आहे. ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘काम नीट झाले पाहिजे’ ही इच्छा. ‘काम नीट झालेच पाहिजे’ हा हुकूम. ‘मला मान मिळावा’ आणि ‘मला मान मिळालाच पाहिजे’ यांत शब्दाचा फरक नाही, पण मनाच्या अवस्थेत फार मोठा आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती या हुकमी भाषेवरच बोट ठेवते. आपल्याकडे मुंबईचे कि. मो. फडके यांनी ती अनेक वर्षे शिकविली व रुजविली. घटना माणसाला जितकी अस्वस्थ करते त्याहून अधिक, घटना कशी असलीच पाहिजे याविषयीचा त्याचा आग्रह त्याला अस्वस्थ करतो, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र. इंग्रजीत ते समजावून देण्यास बरेच शब्द लागतात. मराठी कुटुंबाला एक ‘च’ दाखवला की पुरते.

व्यसन कोठून शिरते

सतत ताणलेल्या मनाला मद्य लवकर भावते, याचे कारण शरीरात आहे. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ नावाच्या रसायनाचा परिणाम मद्य वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा परिणाम कमी करते. पहिल्या काही वेळा मिळणारी शांतता खरी असते. परंतु मेंदू हा तराजू सांभाळणारा अवयव आहे. रोज एका पारड्यात मद्य पडू लागले की तो दुसऱ्या पारड्यात भर घालतो. मग मद्य उतरताच पूर्वीपेक्षा अधिक अस्वस्थता येते, आणि ती शमविण्यासाठी पुन्हा मद्य. याच काळात आणखी एक बदल होतो. आरंभी सुखासाठी केलेली कृती पुनरावृत्तीने मेंदूच्या सवयी सांभाळणाऱ्या खोल भागांच्या ताब्यात जाते. साडेआठ वाजले, पेला खाली उतरला, खूण पाहिली : आता हे सुख राहिलेले नसते, विधी झालेला असतो. विधीप्रिय स्वभावाच्या माणसाला तो मोडणे इतरांपेक्षा कठीण जाते, असे आम्हांला रुग्णांकडे पाहून वाटते.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. ‘व्यसनी व्यक्तिमत्त्व’ असा एकच ठसा अस्तित्वात नाही. व्यसनाशी अधिक घट्ट नाते आढळते ते उतावीळ, धोका पत्करणाऱ्या, नियम न जुमानणाऱ्या स्वभावाचे. काटेकोर स्वभावाचे नाते त्या मानाने क्षीण आहे, आणि अशी बहुसंख्य माणसे आयुष्यभर मद्याला शिवत नाहीत. पण जी अडकतात ती वेगळ्या तऱ्हेने अडकतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांनी १९८७ साली मद्यपीडितांचे दोन प्रकार वर्णिले. त्यांतील पहिल्या प्रकारात पंचविशीनंतर व्यसन लागलेली, चिंताळू, सावध, पिण्याबद्दल मनात अपराधी वाटणारी माणसे येतात. अशी माणसे उशिरा सुरुवात करतात, लपवून पितात, कामावर वेळेवर जातात. म्हणूनच ती आमच्याकडे उशिरा येतात, बहुधा कावीळ किंवा रक्ताची उलटी झाल्यावर. देशभरात चित्र यापेक्षा फार बरे नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात असे आढळले, आणि मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाला होता.

दुसरी सावधगिरी आमच्या तालुक्यांसंबंधी. डहाणू-तलासरीत व्यसनाचा विषय निघाला की बाहेरून आलेला पाहुणा आदिवासी पाड्यांकडे बोट दाखवतो. हे अन्यायाचे आहे. वारली समाजात ताडी आणि मोहाची दारू देवकार्यात, लग्नात, पाहुणचारात होती. ती वाटून घेतली जाई, आणि तिला ऋतू होता, प्रसंग होता. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ साली झालेला मोहफुलांचा कायदा यांनी घरचे पेय गुन्हा ठरविले आणि दुकानातील विकत घेण्यास भाग पाडले. जी गोष्ट प्रसंगाने येत होती ती अशा रीतीने पैशाने आणि दररोज मिळू लागली. त्यानंतरच्या कर्जबाजारीपणाला स्वभावाचा दोष म्हणणे हे इतिहासाकडे पाठ फिरविणे होय. आज तलासरीहून सरीगाम, वापी, सिल्वासाच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तरुणाचे पिणे हाही वेगळाच प्रश्न आहे. त्याला या लेखातील कसोट्या सरसकट लावू नयेत.

एकट्याची शपथ आणि सर्वांची शपथ

काटेकोर माणूस मद्य सोडावयाचे ठरवतो तेव्हा तेही ‘च’ लावूनच ठरवतो. देवासमोर नारळ ठेवून, तारीख लिहून, ‘आता आयुष्यात थेंब नाहीच.’ त्याचा निर्धार खोटा नसतो. अनेकदा तो महिने टिकतो. मग एखाद्या तेराव्याला किंवा लग्नात एक घोट होतो. उतावळ्या स्वभावाचा माणूस दुसऱ्या दिवशी ते विसरेल. हा विसरत नाही. त्याच्या हिशेबात शंभर टक्के आणि शून्य यांच्यामध्ये आकडा नाही. ठशावर एक रेघ चुकली की ठसा बाद. तसा एक घोट झाला की सारे व्रत बाद. ‘आता मोडलेच आहे तर’ या विचाराने पुढचे चार दिवस तो जितके पितो तितके पूर्वी कधी प्यालेला नसतो. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८० च्या दशकात या घटनेचा अभ्यास केला. घोट आणि घसरण यांच्यामध्ये एक विचार उभा असतो, आणि उपचार त्या विचारावर करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. व्यसनमुक्ती केंद्रांत अशा एका चुकीला ‘स्लिप’ म्हणतात. स्लिप ही माहिती आहे : कोणत्या वेळी, कोणाबरोबर, कशामुळे. ठसे कोरणाऱ्याला हे लवकर समजते, कारण चुकलेली रेघ बारकाईने पाहण्याची त्याला सवय असते. फक्त ठोकळा फेकून द्यायचा नाही, एवढे नव्याने शिकावे लागते.

एकट्याने घेतलेल्या शपथेचे हे दुबळेपण लक्षात आले म्हणजे याच प्रदेशातील एक जुनी घटना वेगळ्या प्रकाशात दिसते. १९२२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मांगेला मच्छीमारांच्या वस्त्यांत, देवीच्या रोगाच्या निमित्ताने अंगात येण्याचे विधी सुरू झाले. ही लाट पूर्वेकडील आदिवासी मुलखात आणि तेथून वर्षाअखेरीस सुरत जिल्ह्यात गेली. सलाबाई या देवीचा आदेश म्हणून लोकांनी दारू व ताडी सोडली, रोज स्नान सुरू केले, दारू विकणाऱ्यांकडे कामास जाणे बंद केले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात या चळवळीचा सविस्तर मागोवा घेतला आहे. काही गावांत हा निर्धार लवकर ओसरला, काही ठिकाणी तो दीर्घकाळ टिकला. अंगात येण्याविषयी वाचकांचे मत काहीही असो, आम्हांला यातील एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते : ती शपथ गावाने मिळून घेतली होती. एकाचा पाय घसरला तर त्याला पुन्हा उभे करणारे भोवती होते, आणि शपथ मोडल्याची लाज त्याला एकट्याला वाहावी लागत नव्हती.

आधुनिक उपचारांनी हेच तत्त्व निराळ्या मार्गाने गाठले. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही मद्यपीडितांची परस्परसाहाय्य संघटना १९५७ मध्ये भारतात आली. तिच्या सभेत आयुष्यभराची शपथ कोणी मागत नाही. आजचा दिवस न पिता काढावयाचा, एवढेच. वरवर पाहता हा सौम्यपणा वाटेल, पण ‘नाहीच’ म्हणणाऱ्या स्वभावावर तो नेमका उतारा आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राची कथा आमच्या देणगीदारांपैकी अनेकांना ठाऊक असेल. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभे केले. तेथे रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात आणि बरे झालेले रुग्ण पुढे समुपदेशक होतात. स्वतःला क्षमा न करणाऱ्या माणसापुढे, स्वतः घसरून उठलेला माणूस खुर्चीवर बसलेला असणे, याचे मोल औषधापेक्षा कमी नाही.

घरच्यांसाठी

काटेकोर माणूस पिऊ लागला की घरचेही नकळत काटेकोर होतात. पत्नी बाटल्या मोजते, मुलगा खिसे तपासतो, आई श्वासाचा वास घेते. एक कबुली देतो. अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका रुग्णालयात काम करीत असताना, मीच एका ताईंना पतीच्या पिण्याची रोजची नोंद ठेवण्यास सांगितले होते. उपचाराला मदत होईल असा हेतू होता. दोन महिन्यांनी त्या वही घेऊन आल्या. नोंद इतकी बिनचूक होती की माझ्याच पोटात गोळा आला. पती प्यायलेच नाहीत असे आठ दिवस तीत होते, पण त्या दिवशीही ताई रात्री दोनपर्यंत जाग्या होत्या. घरात दोन वह्या झाल्या होत्या, एक लपविणाऱ्याची, एक शोधणाऱ्याची. त्यानंतर असा सल्ला मी कोणाला दिलेला नाही. आता मी विचारतो, “ताई, या आठवड्यात तुम्ही किती तास झोपलात?”

बोलण्याची वेळ सकाळची किंवा न प्यालेल्या दिवसाची असावी. ‘तुम्ही नेहमी असेच करता’ हे वाक्य अशा माणसाला हुकमासारखे लागते आणि तो तपशिलावर वाद घालतो, व त्यात जिंकतोही. ‘काल मुलीची फी भरायची राहिली, ती रडली’ हे एकच घडलेले वाक्य अधिक पोचते. त्याचे नियम त्याच्याच विरुद्ध वापरू नयेत. उलट, घरात एखादी गोष्ट मुद्दाम अपुरी राहू द्यावी. एखादा दिवस अंथरूण न घालता, एखादा हिशेब दोन रुपयांनी चुकलेला. हा उपचाराचाच भाग आहे. प्रारंभी त्याला ते असह्य होते, नंतर होईनासे होते.

काही बाबतीत मात्र आम्हीही ‘च’ वापरतो. रोज पुष्कळ पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात मद्य बंद करू नये. बंद केल्यापासून सहा तास ते दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, प्रचंड कंप अशी अवस्था येऊ शकते. तीत जीव जाऊ शकतो. हात फार कापत असतील, उलट्या होत असतील, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा भिंतीवर किडे दिसतात म्हणत असेल, तर त्याला त्याच रात्री रुग्णालयात आणलेच पाहिजे. तेथे थायमिन हे जीवनसत्त्व प्रथम दिले जाते व औषधांनी ही अवस्था सुरक्षितपणे पार पाडता येते. दुसरे असे, की ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पुड्या चहात किंवा भाजीत मिसळू नयेत. त्यांत काय असते हे कळावयास मार्ग नसतो. डायसल्फिराम हे औषध आम्हीही काही रुग्णांना देतो, पण त्यांची संमती घेऊन, तपासण्या करून, ते घेतल्यावर मद्य घेतले तर काय होईल हे समजावून. नकळत दिलेल्या या औषधावर मद्य पडले तर रक्तदाब कोसळतो. शिवाय जो माणूस घरातील प्रत्येक वस्तूची जागा जाणतो, त्याला चहाची चव बदललेली कळणारच. आणि एकदा कळले की पत्नीच्या हातचे अन्न तो विश्वासाने खाणार नाही.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर १० ऑक्टोबर २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे. तेथे मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. पत्नीने, मुलाने किंवा भावाने एकट्याने फोन केला तरी चालतो. रुग्ण तयार होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

मद्य थांबले तरी स्वभाव राहतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. पहिल्या काही महिन्यांत तर तो वाढल्यासारखा वाटतो, कारण त्यावर पडणारा पडदा गेलेला असतो. ‘यापेक्षा प्यायलेला बरा होता’ हे वाक्य आम्ही पत्नींच्या तोंडून ऐकले आहे आणि ते ऐकून कोणी दचकू नये. काटेकोरपणा पुसून टाकणारे औषध नाही. समुपदेशनाने तो सैल होतो, हळूहळू, वर्षभराच्या बेताने. आमच्या चित्रातील गृहस्थांसारख्या माणसाचा हात मद्य सुटल्यावर साधारणपणे काही आठवड्यांत स्थिर होतो. त्यानंतर त्यांना एक गृहपाठ दिला जातो : हाताखाली एक मुलगा ठेवावयाचा, त्याला सोपा ठसा कोरावयास द्यावयाचा, आणि रात्री तो पुन्हा कोरावयास बसावयाचे नाही.